गंगेची कावड आणि खर्चाची वही

मे महिन्याची सुट्टी लागली की बालाघाटातल्या मराठी घरांना एकेक करून कुलपे लागतात. कोणी नागपूरला मामाकडे, कोणी पुण्याला मुलाकडे, कोणी हैदराबादला सुनेच्या बाळंतपणाला. शेजारच्यांकडे किल्ली आणि तुळशीला पाणी घालायची आठवण ठेवून घरे निघतात. आपल्या समाजाला प्रवास नवा नाही. आपले पूर्वज कोणी भोसल्यांच्या काळात, कोणी पुढे कचेरी, शाळा, रेल्वे किंवा खाणीतल्या नोकरीच्या निमित्ताने इकडे आले आणि इथलेच झाले. १९५६ साली १ नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. त्या दिवशी आपले निम्मे नातेवाईक एका रात्रीत दुसऱ्या राज्याचे झाले. तेव्हापासून कोणाचे लग्न असो वा कार्य असो, आपल्याला पिशवी भरावीच लागते.

आमचे बाबा या पिशवी भरणाऱ्यांपैकी पहिल्या नंबरचे. भरवेलीच्या मँगनीज खाणीत ते टाइम ऑफिसात होते. पाळीवर येणाऱ्या-जाणाऱ्या कामगारांची हजेरी मांडायची, जादा तासांचा हिशेब ठेवायचा, पगाराच्या दिवशी एकही आकडा चुकू द्यायचा नाही, असे ते काम. रोज सायकलने जाणे-येणे. रात्रपाळीचा माणूस आला नाही तर हे थांबणार, सणावाराला कोणी रजा मागितली तर याच्या ऐवजी हे उभे राहणार. त्या बदल्यात साठलेली रजा मात्र ते कधी वाया जाऊ देत नसत. वर्षातून एकदा तरी आम्हां सर्व भावंडांना घेऊन ते कुठेतरी निघतच. आईने केलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, फिरकीचा तांब्या आणि एक होल्डॉल. एवढ्या सामानावर आम्ही रामटेक पाहिले, लांजीचा किल्ला पाहिला, भेडाघाट पाहिला, अमरकंटक पाहिले.

जबलपूरला जायचे म्हणजे तेव्हा छोटी गाडी. १९०५ पर्यंत जबलपूरला पोचलेली ही अडीच फुटी रुळांची लाइन आपल्या गावाची शान होती. चरेगाव, लामटा, नैनपूर करीत ती जंगलातून अशी संथ चाले की खिडकीतून मोहाची झाडे मोजता येत. २०१५ साली ती गाडी बंद झाली आणि त्याच वाटेवर आता ब्रॉडगेजचे रूळ आहेत. गाडी वेगाने जाते, सोय झाली, याचा आनंदच आहे. पण त्या संथ गाडीत बाबांनी आम्हांला एक गोष्ट तुकड्या-तुकड्याने सांगितली होती. ती गोष्ट होती वरसईच्या विष्णुभट गोडसे यांची. बाबांच्या लेखी कष्टाळू, प्रवासाची आवड असलेला आणि घरावर जीव असलेला माणूस म्हणजे गोडसे भटजी. आज बाबांची आठवण लिहायची तर आम्हांला भटजींपासूनच सुरुवात करावी लागते.

मुलांनो, वरसई हे कोकणातल्या पेण तालुक्यातले एक लहानसे गाव. विष्णुभटांचा जन्म १८२७ सालचा. घरात विद्या होती, भिक्षुकी होती, पण पैसा नव्हता. घरावर कर्ज झालेले. घरातली लग्नकार्ये, रोजचा खर्च आणि सावकाराचे तगादे. अशा वेळी बातमी आली की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा सर्वतोमुख यज्ञ करणार आहेत, त्यात लाखो रुपयांचा खर्च होणार आहे आणि विद्वान ब्राह्मणांना भरपूर दक्षिणा मिळणार आहे. विष्णुभटांनी ठरवले की आपण जायचे, मिळेल ती दक्षिणा घरी आणायची आणि कर्ज फेडायचे. वय तेव्हा तिशीचे. आईवडिलांचा जीव खालीवर झाला. उत्तर हिंदुस्थान म्हणजे त्या काळी जणू परदेशच. तिकडे भांग पाजतात, परक्या मुलखात माणूस भुलतो, परत येत नाही, अशी त्यांना भीती. शेवटी रामभट काका बरोबर असतील या अटीवर परवानगी मिळाली. हे साल होते १८५७.

ही तारीख ऐकली की बाबा थांबत आणि आम्हांला विचारत, "सांगा, यांना काय माहीत नव्हते?" आम्ही ओरडत असू, "बंड!" खरोखरच, कर्ज फेडायला निघालेल्या त्या दोघा भटजींना आपण इतिहासाच्या वणव्यात पाऊल टाकतो आहोत याची कल्पनाच नव्हती. घाट चढून पुणे, तिथून उत्तरेची वाट, मग सातपुडा. आपल्या बालाघाटच्या डोंगरांचाच हा पश्चिमेकडचा भाऊबंद. तो ओलांडून महूजवळ आले तेव्हा वाटेत शिपाई भेटले आणि त्यांनी लवकरच मोठा दंगा होणार असल्याची खबर दिली. काडतुसांची गोष्टही तिथेच कानी आली. पुढे महूच्या छावणीत १ जुलैला उठाव झाला.

शहाणा माणूस अशा वेळी मागे फिरला असता. पण मागे फिरायचे म्हणजे रिकाम्या हाताने फिरायचे. ते पुढे चालत राहिले. धार, उज्जैन करीत, जिथे धर्मकृत्य असेल तिथे काम करून, दक्षिणा गाठीला बांधून ते ग्वाल्हेरला पोचले. भिक्षुकाच्या पोटापाण्याचा धंदा कसा चाले, हे भटजींच्या लिखाणातून कळते. अनोळखी गावी जायचे, तिथले दक्षिणी ब्राह्मण कोण ते शोधायचे, ओळखीने ओळख काढायची, आपली विद्या दाखवायची आणि मिळालेले पैसे चोरापासून सांभाळायचे. परगावी गेलेला मराठी माणूस आजही आधी तिथले महाराष्ट्र मंडळ शोधतो, त्याचेच हे जुने रूप. त्या काळच्या रूढी आणि जातीपातीचे विचारही त्या लिखाणात आहेत. त्यातले सगळेच आज आपल्याला पटणारे नाही. भटजी आपल्या काळाचे होते आणि जे मनात होते ते त्यांनी लपवले नाही.

ग्वाल्हेरहून ते झाशीला गेले आणि राणी लक्ष्मीबाईंच्या आश्रयाला राहिले. पुस्तकांतली राणी घोड्यावर बसलेली, हातात तलवार घेतलेली असते. भटजींनी पाहिलेली राणी रोज व्यायाम करणारी, कचेरीत बसून न्याय देणारी, थंडीच्या दिवसांत कुडकुडणाऱ्या गरिबांना टोप्या, अंगरखे आणि कांबळी वाटणारी आहे. दूरच्या गावाहून आलेल्या एका साध्या भिक्षुकाने ती रोजच्या व्यवहारात पाहिली, म्हणून ती आपल्याला अशी खरी वाटते.

मग १८५८ च्या मार्चअखेरीस सर ह्यू रोज यांच्या फौजेने झाशीला वेढा घातला. दिवसरात्र तोफा. ३ एप्रिलला फौज शहरात शिरली आणि पुढचे काही दिवस लूट, आग आणि कत्तल. काका-पुतणे जिवाच्या भीतीने घरात दडून बसले होते. गोरे शिपाई आले आणि जवळचे होते नव्हते ते घेऊन गेले. भटजींनी हे सांगताना स्वतःला शूर म्हणून दाखवलेले नाही. भीती वाटली तर भीती वाटली असे लिहिले, पाण्यावाचून तडफडलो तर तसे लिहिले. बाबा हा भाग सांगताना आवाज खाली आणत. आमची धाकटी बहीण आईच्या पदराखाली शिरे. आई म्हणे, "पुरे आता, पोरी रात्री झोपायच्या नाहीत." बाबा म्हणत, "ऐकू दे. घरासाठी माणूस काय काय सोसतो ते कळू दे."

पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी भटजींना राणी पुन्हा दिसल्या. धुळीने माखलेल्या, तहानेने व्याकूळ. भटजी पुढे होऊन पाणी काढायला लागले, तेव्हा राणींनी त्यांना थांबवले आणि विद्वान ब्राह्मणाला त्रास नको म्हणून स्वतः पाणी काढून घेतले. थोड्याच दिवसांत, जून १८५८ मध्ये, ग्वाल्हेरजवळ लढताना त्यांना वीरमरण आले. विहिरीवरची ती काही क्षणांची भेट एका भटजींच्या आठवणीत राहिली म्हणून ती आज आपल्यापर्यंत आली आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. घरच्या कर्जाचे काय? पैसे एकदा लुटले गेले, पुन्हा मिळवले, पुन्हा लुटले गेले. असे एकदा नव्हे, अनेकदा झाले. इथेच भटजींमधला प्रवासी दिसतो. एवढे सोसूनही, उत्तरेत आलो आहोत तर तीर्थे केल्याशिवाय परतायचे नाही असे त्यांनी ठरवले. चित्रकूट, प्रयाग, काशी, अयोध्या अशी यात्रा केली. आणि परत निघताना खांद्यावर घेतली गंगेच्या पाण्याची कावड. ज्या वाटेने चोर, शिपाई आणि दंगेखोर फिरत होते त्या वाटेने पाण्याचे भांडे न सांडता, न फुटता, कोकणापर्यंत आणायचे! पैसे लुटता येतात, पाणी कोण लुटणार? दोन-अडीच वर्षांनी ते वरसईला पोचले. ज्यांना आपला मुलगा पुन्हा दिसेल की नाही याची खात्री नव्हती, त्या आईवडिलांना त्यांनी त्या गंगाजलाने स्नान घातले. सावकाराचे पैसे त्यांच्या हाती नव्हते. पण त्या म्हाताऱ्या जिवांना काशीला जाणे या जन्मी शक्य नव्हते, म्हणून मुलाने गंगा दारात आणली.

आमच्या घरी या गोष्टीवरून दर वर्षी एक वाद ठरलेला असे. आमचे घर कौलारू. पावसाळ्यात तीन जागी गळे. आईचे म्हणणे, प्रवासाला घालता ते पैसे छपराला घाला. बाबांचे म्हणणे, छप्पर पुढच्या वर्षीही होईल, पोरांचे वय पुढच्या वर्षी राहणार नाही. आई म्हणे, "तुमचे भटजी कर्ज फेडायला गेले होते, मजा करायला नाही." यावर बाबांकडे उत्तर नसे. ते हसून गप्प बसत आणि दुसऱ्या दिवसापासून जादा पाळ्या सुरू होत. शेवटी दोन्ही झाले. छप्परही बदलले आणि अमरकंटकही पाहिले. पण आज मागे वळून पाहता आम्हांला आईचेही तितकेच पटते. घरातल्या एकाची प्रवासाची हौस पुरी होते ती दुसऱ्याने घरात केलेल्या काटकसरीवर. दशम्यांचे पीठ आईच्या डब्यातले होते. वरसईला मागे राहिलेल्या माणसांनी ती दोन-अडीच वर्षे कशी काढली असतील, तिकडून बंडाच्या बातम्या येत असताना आणि मुलाची खबर मिळण्याची काही सोय नसताना, हेही मनात येते. प्रवास करणाऱ्याची गोष्ट सगळे सांगतात. वाट पाहणाऱ्यांची गोष्टही त्यातच असते.

आमची आजी संधिवाताने अंथरुणाला खिळलेली होती. भेडाघाटाहून येताना बाबांनी एक बाटली नर्मदेचे पाणी भरून आणले. छोट्या गाडीच्या त्या हिंदकळण्यात आठ-नऊ तास ती बाटली मांडीवर धरून बसले. कोणी विचारले तर सांगत, "भटजींनी काशीहून आणले, मला जबलपूरहून आणायला काय झाले?" घरी आल्यावर आजीच्या कपाळाला आणि गुडघ्यांना ते पाणी लावले. गुडघे काही बरे झाले नाहीत. पण आजी पुढे कित्येक महिने येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "माझ्या लेकाने मला नर्मदेची आंघोळ घातली."

आता भटजींच्या गोष्टीचा उत्तरार्ध, जो बाबा आम्ही मोठे झाल्यावर सांगत. परतल्यानंतर भटजींनी लगेच काही लिहिले नाही. जवळजवळ पंचवीस वर्षे ही हकीकत त्यांच्या बोलण्यातच होती. चिंतामणराव वैद्य हे पुढे प्रसिद्ध झालेले विद्वान. त्यांच्या घरचे भटजी म्हणजे हेच विष्णुभट. चिंतामणरावांनी आग्रह धरला की तुम्ही पाहिलेले सगळे लिहून काढा. त्याप्रमाणे १८८३ च्या सुमारास भटजींनी मोडी लिपीत आपली हकीकत लिहिली. इंग्रजांचे राज्य होते, बंडाच्या गोष्टी उघड छापणे धोक्याचे होते. त्यामुळे पुस्तक भटजींच्या मागे, १९०७ साली निघाले. नाव 'माझा प्रवास'. छापताना वैद्यांनी मजकुरात बरेच फेरफार केले, भाषाही सुधारून घेतली. मूळ मोडी हस्तलिखित त्यांनी १९२२ साली पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला दिले आणि त्यावरून दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये भटजींची मूळ संहिता प्रसिद्ध केली. म्हणजे १९०७ पासून जवळजवळ साठ वर्षे वाचकांना भटजींची गोष्ट मिळाली होती, पण भटजींचा स्वतःचा आवाज मिळाला नव्हता. हिंदीत याच पुस्तकाचा अनुवाद अमृतलाल नागर यांनी 'आँखों देखा ग़दर' या नावाने केला आहे. आपल्या शाळेतली जी मुले मराठीपेक्षा हिंदी सहज वाचतात, त्यांनी तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

या उत्तरार्धामुळेच आम्ही हा लेख लिहायला बसलो. विचार करा, चिंतामणरावांनी विचारले नसते तर? एक गरीब भटजी बंडात सापडून कसाबसा घरी आला, एवढेच चार पिढ्या सांगत राहिल्या असत्या आणि पाचव्या पिढीला तेही आठवले नसते. कर्ज फेडण्यासाठी आणलेला पैसा वाटेत गेला. गंगाजल स्नानात संपले. लिहिलेले मात्र राहिले आणि आज ते मराठीतल्या मोलाच्या ऐवजांत गणले जाते.

बाबांनी 'माझा प्रवास' लिहिला नाही. त्यांनी मागे ठेवली ती खर्चाची वही. निळ्या पुठ्ठ्याची, टाइम ऑफिसातल्या रजिस्टरसारखी रकाने आखलेली. तारीख, गाव, तिकीट, जेवण, इतर. 'इतर' या रकान्यात मधूनच एखादी ओळ सापडते. "नैनपूर, गाडी चुकली, फलाटावर झोपलो, मुलांना मजा." "रामटेक, आई पायऱ्या चढली नाही, खाली बसून सगळ्यांच्या चपला सांभाळल्या." "अमरकंटक, थंडी फार, धाकटीला माझा कोट." एवढेच. पण त्या 'इतर' रकान्यातून आमचे बाबा आम्हांला जसे भेटतात तसे भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोतून भेटत नाहीत. भटजींइतके मोठे त्यांनी काही पाहिले नाही, पण घरच्यांना बरोबर घेऊन पाहिले.

आज आमची मुले नोकरीनिमित्त लांब आहेत. ती पैसे पाठवतात, फोनवर तोंड दाखवतात, दिवाळीला येतात. आम्ही त्यांना एकच सांगतो, जिथे जाता तिथली एक गोष्ट घरी घेऊन या. वस्तू नसली तरी चालेल, हकीकत आणा.

आणि शाळेतल्या मुलांना एक विनंती. तुमच्या घरातही एखादे आजोबा असतील, जे कधी मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत होते, कधी जंगल खात्यात होते, कधी छोट्या गाडीवर गार्ड होते. एखादी आजी असेल, जी लग्न होऊन विदर्भातून इकडे आली आणि हिंदी शिकली. या सुट्टीत त्यांच्यापाशी बसा आणि तीन गोष्टी विचारा. तुम्ही घरातून पहिल्यांदा लांब कधी गेलात? वाटेत भीती कशाची वाटली? परत येताना काय आणले? उत्तरे मिळतील तशी लिहून घ्या. आपल्या बालाघाटच्या मराठीत हिंदी मिसळलेली असते, पोवारी मिसळलेली असते, तीही तशीच राहू द्या. पुस्तकी भाषेत सुधारून लिहू नका. वैद्यांसारख्या विद्वानाने केलेली सुधारणाही पुढे बाजूला ठेवावी लागली आणि मूळ शब्दच शेवटी खरे ठरले, हे लक्षात ठेवा.

पालकांनीही मुलांना यासाठी एक कोरी वही आणून द्यावी. महागाची नको, दहा-वीस रुपयांची पुरे. पहिल्या पानावर सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि आजची तारीख घाला. बाकीची पाने आजी-आजोबा भरतील.